अड्यारच्या घराखालचा नळ

आजची गोष्ट चेन्नईतली. माझ्या मावसभावाने अड्यारमध्ये एक जुनं बैठं घर घेतलं. आजूबाजूला कडुनिंब, नारळ, मागे मोठं अंगण. घेताना त्याने काय काय पाहिलं? तीस वर्षांचं ईसी काढलं, म्हणजे मिळकतीवर बोजा नाही असा नोंदणी कार्यालयाचा दाखला. पट्टा पाहिला. मूळ खरेदीखत वकिलाकडून वाचून घेतलं. गच्चीवर जाऊन भेगासुद्धा मोजल्या. पावसाळ्यानंतर त्याच्या मुलीला कावीळ झाली, आणि मग अंगण खणलं गेलं. पिण्याच्या पाण्याचा संप आणि मैलापाण्याचा नळ यांच्यात हातभराचं अंतर होतं, आणि नळ फुटलेला होता. मुलगी बरी झाली. पण ते खणलेलं अंगण पाहिल्यावर मी या विषयाच्या मागे लागलो.

मद्रास शहराच्या सांडपाण्याचा एक सविस्तर आराखडा 1865 साली कॅप्टन हेक्टर टुलोक यांनी मांडला. हेच टुलोक पुढे मुंबई नगरपालिकेचे कार्यकारी अभियंता झाले, आणि मुंबईच्या पाणीपुरवठ्यावरचा त्यांचा अहवाल 1872 चा आहे. मद्रासमध्ये मात्र आराखडे कागदावर राहिले. शहरभर भुयारी गटारांचं जाळं पसरायला विसावं शतक उजाडावं लागलं. अड्यार तर तेव्हा शहराबाहेरचं, नदीकाठच्या बागबंगल्यांचं गाव. थिऑसॉफिकल सोसायटी 1882 मध्ये इथे आली. दाट वस्ती झाली ती स्वातंत्र्यानंतर, गांधीनगर, कस्तुरबानगर अशा वसाहतींतून. म्हणजे या भागातले कित्येक घरगुती नळ आज साठ-सत्तर वर्षांचे असू शकतात.

ते नळ कसे असत, ते ऐका. भाजलेल्या मातीचे, वरून झिलई दिलेले, आपण ज्यांना स्टोनवेअर म्हणतो ते. एकेक तुकडा साधारण दोन फुटांचा. म्हणजे चाळीस फूट लांबीत वीसेक सांधे, आणि प्रत्येक सांधा सिमेंटने भरलेला. माती शंभर वर्षं टिकते, सांधा टिकत नाही. जमीन थोडी खचली की त्याला केसाएवढी चीर पडते, तिथून ओल बाहेर येते आणि झाडाचं मूळ त्या ओलीच्या शोधात आत शिरतं. अड्यार म्हटलं की लोकांना सोसायटीच्या आवारातला तो प्रचंड वड आठवतो. त्याचं मुख्य खोड 1989 च्या वादळात पडलं, तरी पारंब्यांवर झाड उभंच आहे. मुळांची चिकाटी काय असते हे अड्यारकरांना वेगळं सांगायला नको!

आता गंमत बघा. हे नळ तपासता यावेत याचा विचार जुन्या अभियंत्यांनी आधीच केला होता. इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॉलिन्सन यांनी आग्रह धरला की दोन मॅनहोलमधली गटाराची रेषा सरळच हवी आणि वळण असेल तिथे मॅनहोल हवं. का? तर एका टोकाला दिवा धरायचा आणि दुसऱ्या टोकाहून पाहायचं. प्रकाश गोल दिसला तर नळ ठीक. आजचा कॅमेरा त्या दिव्याचाच वंशज. लवचीक सळीच्या टोकाला बसवून तो अंगणातल्या चेंबरमधून आत सरकवतात आणि पडद्यावर सांधे, मुळं, चिरा, खचून पाणी साचलेली पोटं दिसतात. आधी नळ धुऊन घ्यावा, नाहीतर नुसता गाळ दिसतो. चित्रीकरणावर मीटरचा आकडा उमटतो ना, तेवढं बघा. त्याच्याशिवाय कुठे खणायचं ते कळणार नाही. आणि कुणी स्वस्तात माणूस उतरवतो म्हणाला, तर साफ नाही म्हणा. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या विषारी वायूने आजही माणसं मरतात.

भावाने मला विचारलं, विकणाऱ्यावर दावा नाही का लावता येणार? तर कायदा आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, तोही 1882 चाच. त्याचं कलम 55 सांगतं की विकणाऱ्याला ठाऊक असलेला, पण घेणाऱ्याला ठाऊक नसलेला आणि साधारण काळजीने न सापडणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. वाचायला छान वाटतं. अडचण ‘ठाऊक असलेला’ या शब्दांत आहे. जमिनीखाली काय चाललंय हे विकणाऱ्यालाही बहुधा माहीत नसतं, निदान तो तसं म्हणू शकतो. रेरा कायद्यात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत दाखवलेला दोष बिल्डरने दुरुस्त करायचा असतो, पण जुन्या बंगल्याला तो बिल्डर आणायचा कुठून?

म्हणून बयाणा देण्यापूर्वी तपासणी. दोष सापडला तर तो लेखी कळवायचा, मग विकणारा ‘माहीत नव्हतं’ म्हणू शकत नाही आणि किंमतही बोलता येते. दादरच्या किंवा डेक्कनच्या जुन्या बंगल्यालाही हेच लागू. नळ संपापासून किती लांब आहे तेही त्याच वेळी मोजून घ्या. भावाने आता नवा पीव्हीसी नळ घराच्या दुसऱ्या बाजूने नेलाय. कडुनिंब मात्र तोडला नाही.