परमुलखातील एक सुगरण

भगिनींनो, मंडळाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मला हसूच आले. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंत. राजेरजवाड्यांच्या सनावळ्या शाळेतही मला कधी पाठ झाल्या नाहीत. पण चुलीलाही इतिहास असतो, हे मला अलीकडे कळले. ते तुम्हांलाही सांगावे, म्हणून हे चार शब्द.

माझा धाकटा भाऊ बोटीवर नोकरीला आहे. त्याच्या बोटीवर फिलिपाइन्सचे पुष्कळ लोक असतात आणि आचारीही त्यांच्यातलाच आहे. गेल्या खेपेला भाऊ घरी आला तेव्हा म्हणाला, "ताई, तो आचारी चिंचेचा असा आंबट रस्सा करतो, की आईच्या साराची आठवण येते." त्या रश्शाला सिनिगांग म्हणतात. मासळी किंवा मांस, मुळा, भेंडी, पालेभाजी असे त्यात घालतात आणि भाताबरोबर जेवतात. मला कुतूहल वाटले. मग लेकीला मागे लावून त्या लोकांची माहिती काढली, वाचून घेतली आणि वहीत टिपून ठेवली.

फिलिपाइन्स हा सात हजारांवर बेटांचा देश. भात, नारळ आणि मासळी हे तिथले मुख्य अन्न, म्हणजे आपल्या कोकणासारखेच. तिथे १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनचे राज्य होते. मग अमेरिकेचा अंमल आला आणि ४ जुलै १९४६ रोजी देश स्वतंत्र झाला. इतक्या परक्या सत्ता आल्या, पण चूल आपल्या वळणानेच चालली. त्यांचा अदोबो नावाचा प्रसिद्ध पदार्थ आहे. शिर्का, लसूण आणि मिरी घालून मांस शिजवतात, म्हणजे उष्ण हवेतही ते टिकते. नाव स्पॅनिश, पण शिर्क्यात अन्न टिकवण्याची रीत तिथल्या लोकांना आधीपासून ठाऊक होती. १६१३ साली एका स्पॅनिश पाद्र्याने तिथल्या भाषेचा कोश केला. त्यात त्याने या रीतीला 'इथल्या लोकांचा अदोबो' असे म्हटले आहे. आणखी एक गंमत सांगते. कच्च्या पपईचे त्यांच्याकडे लोणचे घालतात, त्याला ते 'अचारा' म्हणतात. आपल्याकडचा अचार हा शब्दच समुद्र ओलांडून तिथवर गेला!

आता पुढची गोष्ट जरा कडू आहे. १९०१ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी पाचशे फिलिपिनो माणसांना आपल्या आरमारात घेण्याची परवानगी दिली. पुढे पुढे या लोकांच्या वाट्याला बहुतेक एकच काम येऊ लागले: अधिकाऱ्यांचा स्वयंपाक करणे, वाढणे आणि त्यांची खोली आवरणे. देश स्वतंत्र झाल्यावरही १९४७ च्या कराराने ही भरती चालू राहिली. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत त्यांना दुसऱ्या कामावर जवळजवळ घेतच नसत. वॉशिंग्टनला अमेरिकेच्या अध्यक्षांचे राहण्याचे आणि कारभाराचे जे घर आहे, त्या व्हाइट हाऊसमधील अधिकाऱ्यांची खानावळही आरमाराकडेच. तिथेही वाढायला हीच माणसे असत. म्हणजे त्या घरात फिलिपिनो हात फार दिवसांपासून राबत होते, पण त्या हातांची नावे कोणी विचारली नाहीत.

या घराच्या मुदपाकखान्यात १९९५ साली एक फिलिपिनो बाई आली. तिचे नाव क्रिस्टेटा कॉमरफर्ड, माहेरची पासिया. जन्म १९६२ चा, अकरा भावंडांतली एक. मनिला शहराच्या सांपालोक भागात ती वाढली. सांपालोक म्हणजे त्यांच्या भाषेत चिंच! विद्यापीठात अन्नशास्त्र शिकत होती, पण तेविसाव्या वर्षी घरची मंडळी अमेरिकेला निघाली आणि पदवी अर्धीच राहिली. शिकागोच्या एका हॉटेलात पहिले काम मिळाले ते पानेभाज्या निवडून, चिरून सॅलड लावण्याचे. तिथून पायरी पायरी चढत ती वॉशिंग्टनला गेली, मध्यंतरी युरोपात व्हिएन्नालाही काम शिकून आली आणि मग व्हाइट हाऊसमध्ये मदतनीस झाली.

जुलै २००५ मध्ये आपले त्या वेळचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग तिथे गेले, तेव्हाच्या मेजवानीची जबाबदारी हिच्यावर होती. बासमती भातात तिने पिस्ते घातले होते. शेवटी चॉकलेटच्या कमळात आंबा, काजू आणि वेलदोड्याच्या स्वादाचे आइस्क्रीम होते. पाहुणा कुठला, त्याच्या घरची चव कोणती, हे जिला कळते तीच सुगरण. पुढच्याच महिन्यात, १४ ऑगस्ट २००५ रोजी, तिला मुख्य आचारी नेमले. त्या जागेवर आलेली ती पहिली बाई, आणि गोऱ्यांखेरीज पहिलीच व्यक्ती. पाच अध्यक्षांच्या काळात तिने तिथे चूल सांभाळली आणि जुलै २०२४ मध्ये निवृत्त झाली.

ती त्या घरात साऱ्या जगाचे अन्न रांधत होती. पण तिच्या लोकांचे स्वतःचे जेवण बाहेर यायला अजून अवकाश होता. २०१५ साली त्याच वॉशिंग्टनमध्ये 'बॅड सेंट' नावाची अवघ्या चोवीस जणांची फिलिपिनो खानावळ निघाली. सेंट मालो नावाच्या वस्तीवरून ते नाव घेतले होते. अमेरिकेच्या दक्षिणेला, पाणथळ जागेत, फिलिपिनो कोळ्यांची ही जुनी वस्ती होती. १९१५ च्या वादळात ती नाहीशी झाली. खानावळीसमोर लोक तासन्‌तास रांगेत उभे राहत. तिथले आचारी टॉम कुनानान यांना २०१९ साली जेम्स बिअर्ड पारितोषिक मिळाले. २०२२ मध्ये खानावळ बंद झाली, पण बुडालेल्या वस्तीची आठवण शेकडो पानांवर वाढली गेली. हे मला फार मोठे वाटले.

हे सारे मला इतके का लागले, ते सांगते. माझी आई चार घरी स्वयंपाक करीत असे. त्या घरांतून तिच्या पुरणपोळीचे कौतुक होई, पण तिचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. साऱ्यांची ती 'स्वयंपाकीणबाई'. शाळेत कोणी विचारले तर मी 'आई घरीच असते' असे सांगत असे. आज त्याची लाज वाटते. दिवसभर परक्यांच्या आवडीचे रांधून आलेली आई रात्री आमच्यासाठी चिंचेचे सार करी. ते तिचे स्वतःचे होते, तिच्या आईकडून आलेले. आई गेली, तिचे प्रमाण मी कधी लिहून घेतले नाही. हाताच्या अंदाजाने करते, पण ती चव येत नाही.

भगिनींनो, एक विनंती करून थांबते. आपल्या मंडळाच्या अहवालात दरवर्षी 'अल्पोपाहारानंतर कार्यक्रमाची सांगता झाली' एवढेच छापले जाते. पहाटे उठून पोहे भिजवणाऱ्या, दोनशे माणसांचा चहा उकळणाऱ्या बायकांची नावे त्यात नसतात. यंदापासून ती छापावीत. आणि आपापल्या आईचा, सासूचा एकेक पदार्थ प्रमाणासकट लिहून मंडळाच्या कपाटात ठेवावा.

चूकभूल द्यावी घ्यावी.