ड्रॅगन ट्रेन (यात्रेतील)

ड्रॅगन ट्रेन : यात्रा-उरुसांत उभारली जाणारी आणि यात्रा उलगली की सुटी करून ट्रकवरून पुढच्या गावी नेली जाणारी लहान रोलर कोस्टर. पुढच्या डब्याला ड्रॅगनचे तोंड असते, म्हणून हे नाव. बीड जिल्ह्यात आकाशपाळणा, ब्रेक डान्स, टोराटोरा या यात्रेतल्या खेळांच्या रांगेत ती उभी राहते आणि खेड्यातल्या पुष्कळ मुलांना रोलर कोस्टर प्रथम भेटते ती याच रूपात.

जगातील पहिल्या व्यावसायिक रोलर कोस्टरपैकी एक लामार्कस थॉम्प्सन यांनी 1884 साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर सुरू केली. तिचा वेग ताशी जेमतेम 10 किलोमीटर होता, भाडे 5 सेंट. महाराष्ट्रात गोराईचे एस्सेल वर्ल्ड हे करमणूक उद्यान 1989 मध्ये उघडले. खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानातील ‘नायट्रो’ ही कोस्टर 2013 मधली. मोठ्या कोस्टरमध्ये बहुधा साखळी गाडीला पहिल्या चढावर ओढून नेते आणि पुढची धाव उताराच्या जोरावर होते. ड्रॅगन ट्रेनला विजेची मोटर सतत ओढत असते. त्यामुळे उंच चढ लागत नाही, रूळ बुटके व सुटे ठेवता येतात आणि सारा पसारा हलवता येतो.

एका गावची कोस्टर दुसरीकडे नेण्याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. टेक्सासमधील सॅन अँटोनियोच्या प्लेलँड पार्कमधली ‘रॉकेट’ ही लाकडी कोस्टर, पार्क 1980 मध्ये बंद पडल्यावर ओस पडली. पेनसिल्वेनियातील क्नोबेल्स पार्कने ती उतरवली, फळ्यांवर खुणा केल्या आणि 1985 मध्ये ‘फिनिक्स’ नावाने पुन्हा उभी केली. ती आजही लाकडी कोस्टरमध्ये अव्वल मानली जाते. तिच्या आयुष्यात एकदा झालेले हे स्थलांतर ड्रॅगन ट्रेनला दर यात्रेला करावे लागते.

हे खेळ चालवणारे पाळणेवाले यात्रांच्या तिथींप्रमाणे फिरतात. बीड जिल्ह्यात कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींची यात्रा, मार्गशीर्षात अंबाजोगाईला योगेश्वरीचा उत्सव आणि महाशिवरात्रीला परळी वैजनाथ व बीडचे कंकालेश्वर येथे यात्रा भरते. उरूस बहुधा हिजरी चांद्र महिन्यांवर चालतात, त्यामुळे ते ऋतूंतून सरकत जातात. यात्रांचे हे कार्तिक ते माघाचे दिवसच ऊसतोडीचे. जिल्ह्यातली असंख्य कुटुंबे तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात फडावर असतात. गावची यात्रा चुकते ती त्यांच्या मुलांची, आणि या खेळांच्या इतिहासात ही गोष्ट नोंदवलीच पाहिजे.

उभारणीत जोखीम जमिनीची असते. काळी माती पावसाने फुगते, उन्हात भेगाळते. खांबाखाली फळ्या देऊन रूळ समपातळीत आणले नाहीत तर एक पाय खचतो आणि सांध्यांवर ताण येतो. मोडताना-जोडताना बोल्ट झिजतात, पिना हरवतात. कारखान्यातून नवी निघालेली गाडी कितीही भक्कम असली तरी तिची सुरक्षितता ठरते ती कालच्या रात्री कोणी, किती घाईत बोल्ट आवळले यावर. सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाना देण्याची तरतूद महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 33 मध्ये आहे. पण एका गावी मिळालेला कागद दुसऱ्या गावच्या जमिनीची हमी देत नाही. म्हणून यात्रेची जागा देणाऱ्या नगरपरिषदांनी, ग्रामपंचायतींनी व देवस्थानांनी प्रत्येक उभारणीनंतर, पहिले तिकीट फाडण्याआधी, जाणत्या अभियंत्याकडून सांधे, पाया आणि वीजजोडणी तपासून घ्यावी.