चोपदाराची विद्या

ऐतिहासिक प्रसंगांचीं दृश्यें उभीं करण्याची हौस अलीकडे आपल्याकडे बरीच वाढली आहे. रायगडावर दरवर्षीं ६ जूनला राज्याभिषेकाचा सोहळा होतो. आमच्या छत्रपति संभाजीनगरांतही शिवजयंतीच्या दिवसांत तरुण मंडळी असे देखावे मोठ्या उत्साहानें करतात. त्यांत राजाची भूमिका करावयास पुष्कळ जण पुढें येतात. चोपदाराच्या जागीं मात्र ज्याचा आवाज मोठा त्याला उभें केलें जातें, आणि एवढ्यानें काम भागलें असें समजतात. मोठा आवाज हें या कामाचें भांडवल खरें. पण विद्या निराळीच आहे. तिचा आज थोडा विचार करूं.

चोब म्हणजे फारसींत काठी. ती धरणारा तो चोबदार. त्याचाच आपण चोपदार केला. भाला धरणारा तो भालदार. शब्द परके असले तरी काम जुनेंच. कालिदासाच्या शाकुंतलांत राजद्वारावरील प्रतीहारीचें नांवच वेत्रवती, म्हणजे वेताची काठी धरणारी, असें आहे. राजाची स्तुति करणारे वैतालिकही तेथें आहेत. युरोपांत हेंच काम हेरल्ड करीत. तेथील योद्धा चिलखतांत बुडालेला. म्हणून ढालीवरील चिन्हावरून त्यास ओळखणें ही हेरल्डाची मुख्य विद्या झाली. इंग्लंडांत १४८४ सालीं राजा तिसरा रिचर्ड यानें त्यांच्या मंडळास सनद दिली. आपल्याकडे दरबारी माणसाची योग्यता दिसे ती कोण कोणाच्या आधीं येतो, कोणीं कोठें उभें राहावयाचें, कोण कोणास सामोरें जातो, यावरून.

ही बाब केवढ्या महत्त्वाची होती, याचें उत्तम उदाहरण आपल्याच शहरांत घडलें आहे. १६६६ सालीं शिवाजी महाराज आग्र्यास जातांना औरंगाबादेस आले. येथील अधिकारी सफशिकनखान स्वतः सामोरा आला नाहीं; त्यानें आपल्या एका नातलगास पाठविलें, आणि महाराजांनीं कचेरींत येऊन भेटावें अशी अपेक्षा धरली. महाराज कचेरीकडे फिरकलेच नाहींत. ते थेट मिर्झा राजे जयसिंगांच्या वाड्यांत आपल्या मुक्कामावर गेले. शेवटीं खानालाच इतर अधिकाऱ्यांसह त्यांच्या भेटीस यावें लागलें, आणि मगच महाराजांनीं त्याची परतभेट घेतली. समकालीन लेखक भीमसेन सक्सेना यानें ही हकीकत लिहून ठेवली आहे. तरवार उपसली गेली नाहीं; पण जयापजय ठरला. पुढें आग्र्याच्या दरबारांत जो स्फोट झाला, तोही उभें राहण्याच्या जागेवरूनच! चोपदार ज्या मर्यादेचा राखणदार, ती मर्यादा म्हणजे पोकळ थाट नव्हे. त्या काळचें तें राजकारणच होतें.

तेव्हां या भूमिकेचा पहिला पाठ पदव्यांचा. राज्याभिषेकानंतरच्या पत्रांत ‘क्षत्रियकुलावतंस श्री राजा शिवछत्रपति’ असा मायना आढळतो. आज गर्जविली जाणारी ललकारी याहून पुष्कळ लांब आहे. ती म्हणूं नये असें नाहीं. पण कागदांतील मायना कोणता आणि आपल्या काळची ललकारी कोणती, हें म्हणणाऱ्यास ठाऊक हवें. राज्याभिषेक १६७४ चा. मग १६६६ च्या आग्रा-प्रसंगांत चोपदारानें ‘छत्रपति’ अशी आरोळी ठोकली, तर आठ वर्षांचा इतिहास त्यानें एका श्वासांत पुसून टाकला असेंच म्हटलें पाहिजे. मी मुलांकडून प्रथम प्रत्येक पदाचा विग्रह करवून घेतों. ‘अष्टप्रधानवेष्टित’ म्हणजे आठ प्रधानांनीं वेढलेला, हें ज्याला कळलें तो मध्येंच श्वास तोडीत नाहीं.

दुसरा पाठ शांततेचा. त्यासाठीं आळंदीच्या पालखीकडे जावें. शिंद्यांच्या पदरीं असलेल्या हैबतबाबा आरफळकरांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत या सोहळ्यास लष्करी शिस्त लावली, आणि तींत चोपदार आजही जिवंत आहे. सायंकाळीं मुक्कामावर दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. हजारों टाळ-मृदंगांचा गजर चाललेला असतो. चोपदार चोप उंच करतो, आरोळी देतो, आणि क्षणांत सारें स्तब्ध होतें. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. मग ती तक्रार ऐकून घेतली जाते. हरवल्या-सांपडल्या वस्तूंची वार्ता आणि उद्यांच्या प्रस्थानाची वेळ पुकारली जाते. चोपदार टाळ्या मिळविण्यासाठीं ओरडत नाहीं. दुसऱ्याचें बोलणें ऐकूं जावें म्हणून तो ओरडतो. ध्वनिक्षेपकावर घसा फोडणाऱ्या तरुणांनीं हें एकदां डोळ्यांनीं पाहावें.

तिसरा पाठ स्वतःस विसरण्याचा. चोपदारानें सिंहासन आणि प्रजा यांच्या मध्यें येऊं नये. बाजूस ताठ उभें राहावें, काठी उगीच हालवूं नये, पुकारा संपला कीं मागें सरावें. रायगडावर सिंहासनाच्या जागेवरून हळू बोललेलें नगारखान्याच्या दरवाजाशीं ऐकूं येतें, असें तेथें जाणारे अनुभवानें सांगतात. जेथें राजाचा साधा शब्दही पोंचे, तेथें चोपदारास कर्कश होण्याचें कारण काय?

देखाव्यांत राजा, प्रधान, वकील हे एकमेकांशीं बोलतात. सर्व प्रेक्षकांना उद्देशून बोलणारा बहुधा चोपदार एकटाच. समोर बसलेलीं मुलें त्याच्या तोंडून ऐकलेलें वर्ष व पदवी जन्मभर खरी मानणार आहेत. पुस्तकांतील चूक पुढील आवृत्तींत दुरुस्त होते. कोंवळ्या कानांत शिरलेली चूक तशी निघत नाहीं. म्हणून ज्याच्या हातीं चोप द्यावयाचा, त्याचा आवाज अवश्य पारखावा. पण त्याआधीं त्याचें वाचन पारखावें.