वळिवड्याचे पोलिश निर्वासित आणि 'परतणे' हा शब्द

कोल्हापूरहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वळिवडे हे लहानसे स्थानक लागते. १९४३ पासून सुमारे पाच वर्षे या गावाजवळच्या छावणीत पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत स्त्रिया व मुले यांचाच भरणा मोठा. त्यांच्या शाळा, त्यांचे प्रार्थनामंदिर, त्यांची नाटके यांविषयी आपल्याकडे कौतुकाने लिहिले जाते. ती माणसे येथून गेली कशी, याविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. आणि आमच्या मते या इतिहासाचा अवघड भाग तोच आहे.

ही माणसे बहुतांशी पूर्व पोलंडची. १९४० पासून सोव्हिएत सत्तेने त्यांना सायबेरियात व कझाकस्तानात हद्दपार केले. १९४१ च्या करारान्वये सुटका झाल्यावर, १९४२ मध्ये जनरल आंडर्स यांच्या सैन्याबरोबर ती इराणात उतरली व तेथून हिंदुस्थानात आली. युद्ध संपताच घरी जावयाचे, ही आशा फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे मोडली. ल्वूव्ह, विल्नो आणि भोवतालचा मुलूख सोव्हिएत संघाकडे गेला. पुढे जुलैमध्ये ब्रिटनने वॉर्सातील नव्या सरकारास मान्यता दिली आणि निर्वासित ज्यास आपले मानीत, ते लंडनमधील सरकार मान्यतेवाचून उरले.

१२ फेब्रुवारी १९४६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठरविले की, सबळ हरकत घेणाऱ्या निर्वासितास बळाने मायदेशी धाडू नये. परंतु दडपणास बळच लागते असे नाही. त्याच वर्षी जर्मनीतील छावण्यांत, पोलंडला परतणाऱ्यास साठ दिवसांचा शिधा देऊ केला गेला. भुकेल्या माणसापुढे ठेवलेल्या अशा शिध्यास निव्वळ साहाय्य म्हणणे आम्हांस जड जाते. वळिवड्यात शिध्याची गरज नव्हती. छावणी मोडणार, एवढे कळणे पुरे होते. आश्रय देणारी ब्रिटिश सत्ता स्वतःच येथून निघण्याच्या तयारीत होती.

मग जावयाचे कोठे? परतावे, तर सोडलेले गाव आता पोलंडातच नव्हते. नव्या पोलंडात अशांच्या वाट्यास बहुधा जर्मनीकडून घेतलेला पश्चिमेचा प्रदेश येई. घर जागीच राहते आणि सीमा त्यावरून सरकते, हे बेळगावकडील वाचकांस आम्ही काय सांगावे! तेव्हा कागदावर 'परतणे' असे लिहिलेले असले, तरी प्रत्यक्षात तेही परक्या भूमीत वसणेच होते. ज्यांचा पती वा पुत्र सैन्यात होता, त्यांस ब्रिटनचा मार्ग खुला झाला. काही पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत गेले, काही पोलंडला. १९४७ नंतरच्या पाचएक वर्षांत आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेने एकंदर सुमारे ७३ हजार लोक मायदेशी पोचविले, तर दहा लाखांहून अधिक अन्य देशांत वसविले. दुसरे दार उघडताच लोकांनी कोणते निवडले, हे या आकड्यांवरून दिसते.

वळिवड्याची छावणी फार काळ ओस राहिली नाही. पोलिश गेले आणि फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबे तेथे आली. त्या वस्तीस आज गांधीनगर म्हणतात.