टोपीची पिन आणि चढावर दम खाणारी गाडी



गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाची दुधाची पिकअप चढावर दम खायला लागली. सपाटीला काही नाही. पण चढ लागला आणि पाय दाबला की आधी दबायची, दोन झटके द्यायची, मग कुठे उचलायची. गाडी चालवणारी आमच्यातलीच. तिने गॅरेजात हे सांगितलं, तर उत्तर मिळालं, "ताई, तुम्हाला गियर नीट टाकता येत नसेल." चार दिवसांनी डिझेल फिल्टर उघडला, तेव्हा त्यात गाळ आणि पाणी निघालं. तेव्हाच आम्ही ठरवलं, की रेडिओवर बर्थाबाईंची गोष्ट सांगायची.

बर्था बेंझ जर्मनीतल्या. जन्म १८४९ सालचा, गाव फोर्झहाइम. त्यांच्या वडिलांनी घरच्या बायबलात जन्माची नोंद करताना 'पुन्हा मुलगीच' अशा अर्थाचं हळहळून लिहिलं होतं आणि ते लहानग्या बर्थाने स्वतः वाचलं, असं सांगतात. (आपल्याकडे लिहून ठेवत नाहीत, तोंडावरच बोलतात, एवढाच फरक.) पुढे कार्ल बेंझ या तरुण इंजिनियरशी त्यांचं लग्न ठरलं. त्याचा कारखाना भागीदारामुळे बुडायला आला होता. बर्थाबाईंनी आपल्या हुंड्याचा पैसा लग्नाआधीच त्यात घातला आणि भागीदाराला मोकळं केलं. १८८६ सालच्या २९ जानेवारीला कार्ल यांनी तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटासाठी अर्ज केला. पैसा बाईचा, पेटंटावर नाव नवऱ्याचं.

पेटंट मिळालं, पण गिऱ्हाईक मिळेना. घोड्याशिवाय चालणाऱ्या त्या फटफटीवर कोण भरवसा ठेवणार? १८८८ च्या ऑगस्टात एके दिवशी पहाटे, नवऱ्याला न सांगता, बर्थाबाईंनी गाडी बाहेर काढली. सोबत दोन मुलं, १५ वर्षांचा ऑयगेन आणि १३ वर्षांचा रिचर्ड. निघाल्या मानहाइमहून, जायचं होतं फोर्झहाइमला, म्हणजे माहेरी. वाट शंभर किलोमीटरच्या वर. इतक्या लांब त्याआधी कुणीच मोटारगाडी नेली नव्हती.

वाटेत गाडी अडली. कार्ल यांनी म्हातारपणी आपल्या आठवणींत हा प्रवास लिहून ठेवला, म्हणून आपल्याला तो कळतो. इंधनाची नळी तुंबली, तेव्हा बर्थाबाईंनी टोपीत खोचलेली लांब पिन काढली आणि नळी साफ केली. पुढे ठिणगीच्या तारेचं वेष्टण झिजलं. वीज भलतीकडे गेली तर ठिणगी पडणार कशी? त्यांनी मोजा बांधायचा पट्टा सोडून तारेवर गुंडाळला. इंधन संपलं, तर वीसलोख गावात औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं. हे कपड्यांचे डाग काढायचं पेट्रोलसारखं द्रव्य. पेट्रोल पंप तेव्हा कुठून असणार! साखळी ताणायला लोहार गाठला. उताराला ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं.

आता यातली खुबी बघा. इंजिनाला हवा लागते, इंधन लागतं आणि पेट्रोलच्या गाडीला ठिणगी लागते. (डिझेलला ठिणगी नसते, तिथे दाबाने तापलेल्या हवेत डिझेल पेटतं.) उभी गाडी थोडक्या इंधनावर गोड चालते. पाय दाबला की इंजिनाला एकदम जास्त इंधन लागतं, पण नळी किंवा फिल्टर तुंबला असेल तर इंधन मागे पडतं. तेवढा क्षण गाडी दम खाते. म्हणून हे दुखणं गॅरेजच्या दारात दिसत नाही, भरलेली गाडी चढावर नेली की दिसतं. गाडी कशी वागते हे चालवणारीला आधी कळतं ते यामुळेच.

नळी, तार सगळं ठीक करूनही बर्थाबाईंची गाडी मोठ्या चढावर ओढेना. मुलांनी खाली उतरून ढकलली. हा बिघाड नव्हता. गाडी बनली तशीच होती, चढासाठी हळू पण जोरात ओढणारा गियरच तिला नव्हता. इथे बर्थाबाईंचं खरं मोठेपण आहे असं आम्हाला वाटतं. पिनेची गोष्ट सगळे सांगतात, पण 'इथे दुरुस्तीने भागणार नाही, गाडीच बदलायला हवी' हे ओळखणं जास्त अवघड. संध्याकाळी माहेरी पोचल्यावर त्यांनी नवऱ्याला तार केली. काही दिवसांनी त्याच गाडीने परत आल्या. चढाचं ऐकून कार्ल यांनी गाडीला चढासाठी आणखी एक गियर बसवला. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं. बर्थाबाईंना कार्लस्रूहेच्या तांत्रिक विद्यापीठाने मान दिला तो १९४४ साली, त्यांच्या ९५ व्या वाढदिवशी. दोनच दिवसांनी त्या गेल्या.

पिनेचा उपाय मात्र आज करू नका. आताच्या गाड्यांत इंधन जोराच्या दाबाने फिरतं. नळी उघडली तर अंगावर उडेल, पेटही घेईल. नव्या गाडीत तर सेन्सर असतात, त्यांचं दुखणं फिटर मशीन लावून वाचतो. पण मशीन लावण्याआधी त्याला काय सांगायचं, ते आपल्या हातात आहे. आमची ताई आता गॅरेजात जाताना चिठ्ठी नेते. गाडीत कॅन किती होते, चढ कोणता, गियर कितवा, इंजिन गार की गरम, झटका पाय दाबताच आला की थोड्या वेळाने, डिझेल शेवटचं कुठे भरलं. मागच्या महिन्यात फिटरने ती चिठ्ठी वाचली आणि काही न बोलता आधी एअर फिल्टर काढून बघितला.