आनंदाचा दाखला

आपल्या माणसांचं दुःख आपल्याच माणसानं लिहिलं आणि ते छापून आलं, याची सुरुवात १८५५ सालची. लिहिणारी मुक्ता साळवे. मांगाची पोर, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी. छापणारं पत्र ‘ज्ञानोदय’, अमेरिकन मिशननं अहमदनगरला १८४२ साली काढलेलं. ज्या धर्माचा ग्रंथ आम्हांला बघायचीही बंदी तो धर्म आमचा कसा, असा सवाल त्या पोरीनं केला. महार-मांगांच्या दुखण्यावर औषध म्हणून तिनं ज्ञान सांगितलं. निबंध मांगाच्या पोरीचा, शाळा माळ्याची, छापखाना मिशनऱ्यांचा. तिघं एका कागदावर आले तेव्हा आपलं दुःख पहिल्यांदा बोललं.

दुःखाचा इतिहास आपण खूप लिहिला. लिहायलाच पाहिजे होता. पण आपल्या माणसाच्या आनंदाचा इतिहास कोण लिहिणार? आणि त्यातही ख्रिस्ती झालेल्या महार-मांगाच्या आनंदाचा?

त्याच्याबद्दल दोनच वाक्यं कानावर येतात. एक, दुधाच्या भुकटीसाठी बाटला. दोन, येशूनं त्याला तारलं. पहिलं वाक्य सवर्णांचं, पण ते आपलीही पोरं बोलतात. दुसरं पाद्र्याचं. दोन्ही आळशी वाक्यं आहेत. मला साधं विचारायचंय. स्वर्गाचं स्वर्गात बघू. सकाळी उठून कामाला जाणाऱ्या या माणसाला रोजच्या जगण्यात आनंद मिळाला का? मिळाला तर टिकला का? आणि टिकू कोणी दिला नाही?

मी हिंगोलीकडचा. कापसाच्या जिनिंगमध्ये गाठी बांधतो. सातवीत शाळा सुटली, पुढची शाळा वाचनालयात झाली. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा, १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातला. नामदेवाची नरसी इथलीच. नामदेवाला औंढ्याच्या देवळामागं कीर्तन करायला लावलं, तेव्हा नागनाथाचं देऊळच त्याच्याकडं फिरलं, अशी कथा आम्ही लहानपणापासून ऐकतो. देऊळ फिरलं, चांगलं झालं. पण मांगवाडा-महारवाडा होता तिथंच राहिला. दगड हलला आणि गावगाडा हलला नाही.

याच निजामी मुलुखात जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक नवं गाव वसलं. नाव बेथेल. वसवणारा नारायण शेषाद्री. जन्मानं ब्राह्मण, १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झालेला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपती याला कोर्टानं बापाच्या ताब्यात दिलं. त्या पोराला पुन्हा जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले आणि त्यांना सनातन्यांचे तडाखे बसले. म्हणजे ब्राह्मणाचं पोर परत आलं तरी जातीचं दार किलकिलं होईना! इकडं नारायण मात्र मराठवाड्यात येऊन मांगांत राहिला. जमीन निजामाचा दिवाण सालारजंग यानं दिली. बेथेलला चर्च झालं, शाळा झाली. राहणारे बहुतेक मांग.

दोस्तहो, याचा अर्थ नीट समजून घ्या. पिढ्यान् पिढ्या ज्याचं घर गावकुसाबाहेर, तो तिथं गावाच्या आत आला. तोच गाव झाला. देवाच्या घरात पुढच्या दारानं गेला. पोराच्या हातात पाटी आली. आनंद म्हणतात तो याहून वेगळा असतो काय? हा आनंद पोथीतला नव्हता. तो उंबऱ्याचा होता, पाण्याचा होता, पाटीचा होता.

दुष्काळात कित्येक जण भाकरीपायी मिशनकडं गेले, हेही खरं. त्यात लाज कसली? १८७६ ते १८७८ च्या आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. उपाशी माणूस जो भाकर देईल त्याच्या दारात जाणारच. लाज त्याला वाटावी, ज्याच्या कणग्या भरलेल्या होत्या आणि ज्यानं त्या उघडल्या नाहीत.

आता दुसरी बाजू. ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणाचा आनंद कसा होता? लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त तो न लपवता सांगितलाय. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. बाई नवऱ्याकडं परत आल्या तरी सोवळं सुटेना. एका घरात राहून अन्नपाणी वेगळं. मग विचार करता करता जात मनातून गळाली, कुणाच्याही हातचं पाणी चालू लागलं, आणि १९०० साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मला यात मोठी गोष्ट दिसते. मांगाला आनंद मिळाला तो काहीतरी हातात आल्यावर. लक्ष्मीबाईंना मिळाला तो हातातलं टाकून दिल्यावर. दोघांच्या मधे होता फक्त पाण्याचा एक तांब्या.

मग हा आनंद टिकाऊ का झाला नाही?

याचं उत्तर बाबासाहेबांनी दिलंय. १९३५ साली येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा झाली तेव्हा ख्रिस्ती मिशनऱ्यांनाही आशा लागली. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ते ख्रिस्ती लोकांपुढं बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांनी आपल्या मनाचा ठाव घेतला हे त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. पण चर्चमध्येही जात चालते, आणि ख्रिस्ती समाज अन्यायाविरुद्ध लढायला उतरत नाही, हेही तोंडावर सांगितलं. पुढं त्यांच्या लिखाणात याचं मूळ सापडतं. हिंदू असताना अस्पृश्याला सांगितलं, तुझं दुःख मागच्या जन्मीच्या पापाचं. ख्रिस्ती झाल्यावर सांगितलं, तुझं दुःख आदामाच्या पापाचं. पाटील, सावकार, भटजी दोन्हीकडून सुटले! जो आनंद दुःखाचं कारण शोधत नाही तो प्रार्थना संपेपर्यंत टिकतो, गावात पाय ठेवला की संपतो.

हे सगळं बरोबर. पण आमच्या जिनिंगमधला एक सोबती आहे, मांग, ख्रिस्ती. हंगामात मशीन रात्रंदिवस चालते, रविवार पाळत नाही. हा गडी रविवारी दोन तास जातोच. मुकादम अर्धी हजेरी कापतो. मी म्हणालो, कशाला नुकसान करून घेतो? तो म्हणाला, “दोन घंटे मी कोणाचाच गडी नसतो. त्याची किंमत देतो, झालं.”

त्याचं बोलणं ऐकून मला नारायण मेघाजी लोखंडे आठवले. जोतीरावांचा सत्यशोधक कार्यकर्ता. मुंबईत १८८४ पासून गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. सातवा दिवस माणसाचा, हे बायबलनंही सांगितलं आणि लोखंड्यांनीही. एकानं तो देवाची आज्ञा म्हणून सांगितला, दुसऱ्यानं मालकाकडून लढून घेतला. माझ्या सोबत्याकडं आज्ञा आहे, लढा नाही. आपल्यातल्या कितीकांकडं लढा आहे, पण विसाव्याचे दोन तास नाहीत. दोन्ही एकत्र आले तरच आनंद टिकेल असं माझं मत आहे.

आणि सरकार? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जात फक्त हिंदूची ठरवली. १९५६ साली शीख आत आले, १९९० साली आपण बौद्ध आलो. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. मद्रासच्या रस्त्यावर चपला शिवणारा सूसाई ख्रिस्ती होता म्हणून त्याला सरकारी टपरी मिळाली नाही. तो सुप्रीम कोर्टात गेला. धर्मांतरानंतरही तुझे हाल तेवढेच आहेत हे सिद्ध कर, असं म्हणून १९८५ साली कोर्टानं अर्ज फेटाळला. ज्याच्या हातात आरी आणि पुढ्यात फाटक्या चपला, त्यानं आणखी काय सिद्ध करायचं? २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगानं धर्माची अट काढा म्हटलं. २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला. आयोगावर आयोग.

म्हणून माझ्या सोबत्याच्या पोराच्या दाखल्यावर हिंदू-मांग आहे आणि घरात संध्याकाळी येशूची प्रार्थना आहे. ज्याला आनंद झाला तरी तो लपवून करावा लागतो, त्याला ढोंगी म्हणायचा अधिकार कुणाला? निदान आपल्याला नाही. १९९० पर्यंत केंद्राच्या कागदावर आपणही याच दारात ताटकळत होतो.

१९७८ साली नामांतरासाठी मराठवाडा पेटला तेव्हा जीव देऊन ‘जय भीम’ न सोडणारा टेंभुर्णीचा पोचीराम कांबळे मातंग होता. मांगवाडा आपला नाही असं बोलणाऱ्यानं हे नाव आधी उच्चारावं.

जोतीरावांनी शेवटच्या पुस्तकात एक घर दाखवलंय. बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, पोरगी मुसलमान, पोरगा सत्यधर्मी, आणि सगळे एकमेकांचा हेवा न करता प्रेमानं एका छपराखाली. मित्रांनो, भीमनगर आणि मांगवाड्याच्या मधे आमच्याकडं एक नाली आहे. ते घर बांधायला जागा तिथूनच सुरू होते. ख्रिस्ती सोबत्याच्या दाखल्याची लढाई आपण आपली म्हणून लढू या. त्याच्या रविवारचे दोन तासही मागू या. त्याच्यासाठी आणि आपल्यासाठीही.

जय भीम!