पळण्याची लाट आणि ओसरल्यावर उरणारं

आमच्या रावेरला पळणं काही नवीन नाही. पोलीस भरतीची पोरं पहाटे केळीच्या बागांमधल्या रस्त्यावर पळतात, कारण भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर घड्याळ लावून पळावं लागतं. नवीन आहे ते हे, की नोकरीबिकरी काही मिळणार नसताना स्वतःच्या खिशातले पैसे भरून पळायचं!

ही लाट आली न्यूझीलंडहून. तिथे आर्थर लिडियार्डने साध्या लोकांना हळूहळू, गप्पा मारत पळायला शिकवलं. १९६२ मध्ये अमेरिकन प्रशिक्षक बिल बॉवरमनने ते पाहिलं आणि आपल्या गावी नेलं. (हाच पुढे नायकेचा एक संस्थापक.) १९७० च्या पहिल्या न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये १२७ जण उतरले आणि ५५ जणांनी ती पूर्ण केली. २०२४ मध्ये पूर्ण करणारे ५५ हजारांच्या वर होते.

आपल्याकडे पुण्यात आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ लाच सुरू झाली, पण लोक ती बघायला जायचे. हौशी लोक पळायला लागले ते २००४ ला मुंबई मॅरेथॉन सुरू झाल्यावर. मधल्या वीस वर्षांत काय बदललं? मला वाटतं, बसून करायची नोकरी, बरा पगार आणि शुगरची भीती. म्हणजे आपणच की!

आता लाटांचं म्हणाल, तर खानदेशाने त्या आधीच पाहिल्यात. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर मुंबईत शेअर्सचा जुगार रंगला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले आणि भलेभले बुडाले. पण तेजीच्या काळात प्रेमचंद रायचंदांनी दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर अजून आहे. २००० साली डॉट-कॉमचा फुगा फुटला, तेव्हाही कंपन्या गेल्या, पण समुद्राखाली टाकलेल्या केबल्स राहिल्या. त्यांच्यावरच आपली आयटीची दुकानं चालली.

थोडक्यात काय, तर लाट खरी की खोटी हे ती ओसरल्यावर काय उरतं त्यावरून कळतं. पळण्यावर पुस्तक लिहून गाजलेला जिम फिक्स १९८४ ला पळतानाच हार्ट अटॅकने गेला. लोक हसले, पण पळायचे थांबले नाहीत. तोवर सवय उरली होती.

आपल्या लाटेतून काय उरेल? मेडल्स आणि टी-शर्ट्स तर कपाटात जातील. तालुक्याच्या गावाला दिवे असलेलं एक मैदान उरलं, जिथे भरतीची पोरगी पहाटे पाचला न घाबरता पळेल, तर ही लाट सार्थकी लागली म्हणायची. पुढच्या वेळी रजिस्ट्रेशनची फी भरताना आयोजकांना एवढं विचाराच, की यातला एखादा रुपया तरी मैदानाकडे जातो का?